मदत हवी आहे: डीएनए दुरुस्तीचे जीन सगळ्यांत सारखे, मग बॅसिलसलाच काय झालं?

काकवीपोळी:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एम.एस्सी. मायक्रोच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोमवारी सेमिनार, विषय 'विविध सूक्ष्मजीवांतले डीएनए दुरुस्तीचे आणि म्युटेशनचे समान जीन'. थिअरी जमली होती, प्रॅक्टिकलनं घोळ घातला.

ई. कोलाय, बेकरीचं यीस्ट आणि बॅसिलस सबटिलिस, तिघांना २५४ नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याखाली ठेवलं. नंतर प्लेटा फॉइलमध्ये गुंडाळायच्या. पार्टनर फॉइल आणायला गेला तो चहा पिऊनच आला. तोवर अर्धा सेट तासभर खिडकीच्या काचेशी, लख्ख उजेडात. दोन दिवसांनी कॉलन्या मोजल्या. ई. कोलाय फॉइलमध्ये ९, खिडकीतल्या १३२. यीस्टचंही तसंच. बॅसिलस मात्र १४ आणि १२!

सर म्हणाले, "कंटॅमिनेशन, पुन्हा करा." पण कंटॅमिनेशन नेमकं त्याच रंगरूपाच्या कॉलन्या घेऊन कसं येईल?

उजेडात फोटोलायेज नावाचं एन्झाइम यूव्हीनं बिघडलेल्या डीएनएची दुरुस्ती करतं हे वाचलंय. १९४९ मध्ये अल्बर्ट केल्नर यांना हा प्रकार स्ट्रेप्टोमायसिसमध्ये दिसला होता. पण मग तो तिघांत दिसायला नको का? कुठल्या सूक्ष्मजीवात कुठला जीन, या माझ्या तक्त्यात तर सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा आहेत. कुठं चुकतंय?

टेस्टट्यूबमावशी:
पुन्हा कर, पण सर म्हणतात म्हणून नको. बॅसिलस सबटिलिसकडे फोटोलायेजच नाही. (माणसातही नाही, उगाच उन्हात बसू नकोस.) त्याच्या स्पोअरकडे (सुप्त, टणक पेशीकडे) वेगळं एन्झाइम असतं, त्याला उजेड लागत नाही.

आता तक्ता. रेक-ए, म्हणजे तुटलेला डीएनए जोडायला मदत करणारा जीन, त्याची खूण राहू दे. यीस्टमध्ये त्याचा भाऊबंद रॅड-५१, आर्कियात (बॅक्टेरियाहून वेगळ्या एकपेशीय जीवांत) रॅड-ए. खराब तुकडा कापून काढणारे यूव्हीआर-ए, बी, सी मात्र ई. कोलाय आणि बॅसिलसपुरतेच ठेव. यीस्टही तो तुकडा कापून काढतं, पण त्याची प्रथिनं निराळ्या घराण्यातली. काम तेच म्हणून जीन तोच असं नाही, तुझी सगळी गल्लत इथंच आहे. डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका पकडणारा म्यूट-एस तुझ्या तिघांतही सापडेल, मायकोबॅक्टेरियमात नाही. तिथं ते काम न्यूक-एस बघतं.

म्युटेशनवर जरा वेळ घाल. यूव्हीनं म्युटेशन होतं असं आपण सरसकट म्हणतो. पण ई. कोलायचा उमु-सी बिघडवला, तर यूव्हीनं पेशी मरतात, म्युटेशन जवळपास होत नाही. चूक करायलाही जीन लागतो बघ! साल्मोनेलाचा स्वतःचा जीन या कामात कच्चा, म्हणून एम्स टेस्टच्या (रसायनानं म्युटेशन होतं का ते बघणाऱ्या चाचणीच्या) टीए९८ आणि टीए१०० या साल्मोनेला स्ट्रेनमध्ये पीकेएम१०१ प्लाझमिड (डीएनएचं वेगळं छोटं कडं) असतो, त्यावर तेच काम करणारे म्यूक-ए आणि म्यूक-बी. प्लाझमिडवरून आलेल्या जीनला 'समान' म्हणायचं का, हे तुला विचारणारच.

काकवीपोळी:
मावशी, लय भारी! तक्ता फाडला. दुपारी यूव्हीचा बॉक्स मोकळा आहे, आणि या वेळी फॉइल घरनंच आणलंय, आईचं चपात्यांचं. फक्त एक, गुंडाळताना लॅबची ट्यूबलाइट चालू राहिली तर चालेल?

टेस्टट्यूबमावशी:
नाही चालणार. तिच्यात निळा उजेड असतो, फोटोलायेजला तोच हवा. लाल बल्ब लाव. आणि पार्टनरला चहा आधीच पाज.