लिसा सिंग म्हणे भारतीयांच्या मतांवर निवडून आल्या! जरा आकडे बघा

घाटमाथा:
परवा एका पोस्टमध्ये वाचलं की लिसा सिंग २०१६ साली टास्मानियातून ऑस्ट्रेलियाच्या सिनेटवर परतल्या त्या 'भारतीयांच्या एकगठ्ठा मतांवर'. हे वाचून गप्प बसवत नाही. टास्मानियात तेव्हा भारतात जन्मलेले लोक एक टक्कासुद्धा नव्हते, आणि त्यातही मत फक्त नागरिकांना. बाईंना पहिल्या पसंतीची मतं पडली २०,७४१.

मजूर पक्षाने त्यांना यादीत सहावं टाकलं होतं. मतपत्रिकेवर आडवी रेषा असते, वर पक्षांच्या चौकटी, खाली एकेका उमेदवाराच्या. रेषेच्या वर पक्षाला १ दिला की मत यादीच्या क्रमाने खाली उतरतं: अर्कहार्ट, पॉली, ब्राउन, बिलिक, शॉर्ट, आणि मग कुठे सिंग. तिथवर काही उरत नाही. म्हणून समर्थकांनी प्रचार केला रेषेखालच्या मतदानाचा: सिंग यांच्या चौकटीत १, पुढे किमान १२ पर्यंत आकडे. मार्च २०१६ च्या दुरुस्तीआधी रेषेखाली जवळपास सगळ्या चौकटी भराव्या लागत, त्यामुळे बहुतेक लोक तिकडे वळतच नसत. अट शिथिल झाली आणि टास्मानियात चारातल्या एकाहून जास्त मतदारांनी रेषेखाली मत दिलं.

त्या वर्षी सगळ्या सिनेटची निवडणूक, टास्मानियातून जागा १२, म्हणजे कोटा (निवडून यायला लागणारा मतांचा वाटा) एक तेरांश, ७.७ टक्के. सिंग पहिल्याच मोजणीत पाऊण कोट्याच्या पुढे होत्या. शॉर्ट यांच्याकडे स्वतःची मतं फार थोडी, सगळी भिस्त यादीवरून ओघळणाऱ्या मतांवर. ते बाद झाले, सिंग दहाव्या जागेवर निवडून आल्या.

कृष्णाकाठ:
गणित बरोबर आहे, पण मूळ प्रश्नाला तुम्ही बगल दिलीत. पाच वर्षं सिनेटर असलेल्या बाईला सहाव्या जागेवर ढकललं कोणी आणि का? वडील फिजीतले भारतीय, आजोबा फिजीच्या कायदेमंडळात, आणि त्या स्वतः ऑस्ट्रेलियाच्या संघीय संसदेतली दक्षिण आशियाई वंशाची पहिली स्त्री. मतदाराने डोक्यावर घेतलं, पक्षाने नाही. स्थलांतरितांच्या मुलांचं घोडं अडतं ते उमेदवार ठरवतानाच, मतपेटीपाशी नाही.

घाटमाथा:
मग रिचर्ड कोलबेकचं काय? लिबरल पक्षाचा मंत्री, गोरा, त्याच वर्षी, त्याच राज्यात यादीत पाचवा. त्यानेही रेषेखालीच मतं मागितली, कोट्याच्या निम्म्याच्या आसपास पोचला आणि पडला. दोन्ही पक्षांत गटबाजीनेच क्रम ठरला. प्रत्येक ठिकाणी वंश घुसडू नका.

कृष्णाकाठ:
घुसडत नाहीये! २०१९ ला पुन्हा खालीच टाकलं, चौथ्या जागेवर. २०,७४१ मतं मिळवून दाखवल्यावरसुद्धा! त्या वेळी निम्म्याच सिनेटची निवडणूक, सहा जागा, कोटा १४.३ टक्के. तोच प्रयोग तडीला न्यायला जवळपास दुप्पट मतं हवी होती. पडल्या. पक्षाला हे गणित ठाऊक नव्हतं असं म्हणणार का तुम्ही?

घाटमाथा:
ठाऊक होतं. २०१९ बद्दल पक्षाची बाजू मी घेणार नाही. बस?

सह्यगिरी:
दोघेही यादीतच अडकलात. स्थलांतरित कुटुंबांची खरी अडचण ऑस्ट्रेलियाच्या घटनेचं ४४ वं कलम: परक्या देशाचं नागरिकत्व असलेल्याला संसदेत जाता येत नाही. कोलबेक २०१८ मध्ये परत आला तोही त्याच कलमामुळे: त्याच्याच पक्षाचा टास्मानियाचा सिनेटर स्टीफन पॅरी वडिलांकडून आलेल्या ब्रिटिश नागरिकत्वापायी अपात्र ठरला आणि मतांची फेरमोजणी झाली. आपल्याकडच्यांना वाटतं, भारतीय नागरिकत्व आपोआप जातं, मग भीती कसली.

दर्याकिनारा:
भीती नाहीच. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं ९ वं कलम वाचा. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय संपलं. ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो तो दर्जा) म्हणजे नागरिकत्व नव्हे: मत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. उगाच लोकांना घाबरवू नका.

सह्यगिरी:
४४ वं कलम अर्धंच वाचलंत. परक्या देशाचा नागरिक तर अपात्र आहेच, पण नागरिकाचे 'हक्क किंवा सवलती' मिळण्यास पात्र असलेलाही अपात्र. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाच्या २०१७ च्या निकालात सिनेटर निक झेनोफोन वाचला, कारण सायप्रसमध्ये जन्मलेल्या वडिलांकडून आलेल्या त्याच्या ब्रिटिश दर्जाला ब्रिटनमध्ये शिरण्याचा किंवा राहण्याचा हक्कच नव्हता. ओसीआयला आजन्म प्रवेश आहे, राहता येतं, नोकरी करता येते. आता सांगा, निर्धास्त कोणाच्या जिवावर राहायचं?

दर्याकिनारा:
तो हक्क भारत सरकार त्याच १९५५ च्या कायद्याच्या ७ ड कलमाखाली काढून घेऊ शकतं. नागरिकाचा हक्क असा काढता येतो का? तुम्ही व्हिसाला नागरिकत्वाच्या पंगतीत बसवताय आणि वर कायदा शिकवताय.

सह्यगिरी:
उद्या काढता येईल, पण उमेदवारी अर्ज भरायच्या दिवशी तो हातात आहे ना? कोर्ट तो दिवस बघतं. मजूर पक्षाची सिनेटर केटी गॅलहरने ब्रिटिश नागरिकत्व सोडण्याचा अर्ज एप्रिल २०१६ मध्ये पाठवला. नोंद झाली ऑगस्टमध्ये, निवडणूक उरकल्यावर. मे २०१८ मध्ये सिनेटची जागा गेली. प्रयत्न केला होता, हा बचाव चालला नाही.

दर्याकिनारा:
ओसीआयचा मुद्दा मला अजूनही पटलेला नाही. पण गॅलहरचं उदाहरण बिनतोड आहे. संसदेत जायचा विचार असेल त्याने ७ क कलमाखाली ओसीआय सोडण्याची घोषणा आधीच करावी.

सह्यगिरी:
नुसती घोषणा पुरत नाही. ती नोंदली गेल्याचा कागद उमेदवारी अर्जाच्या आधी हातात हवा. हल्ली अर्जासोबत पात्रतेचा तक्ता भरावा लागतो, त्यात आईवडीलच नाही तर आजीआजोबांचं जन्मस्थान आणि नागरिकत्वही विचारतात. फिजी, केनिया, मलेशिया अशा मार्गाने आलेल्या घरांनी प्रत्येक देशाचा त्या काळचा कायदा वेगळा तपासावा. फक्त भारताचा बघून भागत नाही.