६० रुपयांत तिसरा वडापाव का घ्यायचा नाही?

एसवायबीए_मिरज
नोट्समधलं उदाहरण आहे. खिशात ६० रुपये. वडापाव २० ला, चहा १० ला. वडापावाची सीमांत उपयोगिता, म्हणजे आणखी एक घेतल्यावर मिळणारं जादा समाधान, ६०, ४०, २०, १०. चहाची २४, २०, १०, ४. उत्तर दिलंय २ वडापाव, २ चहा. पण दुसरा वडापाव ४० देतो आणि दुसरा चहा फक्त २०. मग चहाला कात्री लावून तिसरा वडापाव का नको? सर म्हणाले, सीमांत उपयोगिता भागिले किंमत दोन्हीकडे सारखी, हे सूत्र पाठ कर.

गल्ल्यावरून
माझं किराणा दुकान आहे. अर्थशास्त्र घेऊन बीए केलं, पण हा धडा गल्ल्यावर बसल्यावर डोक्यात शिरला.

तू खाऊन झालेल्या वडापावाकडे बघतोयस. ते ४० पदरात पडले. आता सौदा तिसऱ्याचा, आणि तो देतो २०. त्याच्यासाठी २० रुपये हवेत, म्हणजे दोन्ही चहा सोड. गेले ४४, आले २०. एकूण १४४ होते, राहिले १२०.

किमतीने भागायचं ते एवढ्यासाठीच. दुसरा वडापाव ४० भागिले २०, दुसरा चहा २० भागिले १०. दोन्हीकडे रुपयामागे २. इथून काढून तिकडे घातलेला रुपया आता तोट्यातच जाणार. गोसेन नावाच्या जर्मन माणसाने १८५४ मध्ये हे छापलं. पुस्तक खपेना, तेव्हा उरलेल्या प्रती त्याने परत मागवल्या. बिचारा!

फोडणी
उपयोगिता २४ की २५ हे घरात कोण मोजतं हो? आम्ही तेल बघतो. २०२४ च्या सप्टेंबरात आयात शुल्क वाढलं आणि ऐन दिवाळीआधी तेल महागलं. मी सगळ्या फराळाला सारखी कात्री लावली नाही. चकली निम्मी केली, शेव रद्द, आणि पातळ पोह्यांचा चिवडा वाढवला, त्याला तेल कमी लागतं. करंज्यांना हात लावला नाही, सासूबाईंना त्याशिवाय दिवाळी वाटत नाही. गॅस, फी, वीजबिल यात असलं काही चालत नाही, ते भरावंच लागतं. तुमचं सूत्र उरलेल्या वरखर्चाला.

गल्ल्यावरून
ताई, तुम्ही तेच केलंत. तेल महागलं की चकलीचं रुपयामागचं समाधान उतरतं, म्हणून ती आधी कमी होते. आणि आकडे लागतच नाहीत. हिक्स आणि ॲलन या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी १९३४ मध्ये दाखवलं की काय जास्त आवडतं, काय कमी, एवढा क्रम पुरतो. पुढच्या धड्यातले समवृत्ती वक्र, म्हणजे सारखंच समाधान देणाऱ्या जोड्या दाखवणाऱ्या रेषा, ते हेच.

एसवायबीए_मिरज
कळलं. पण ७० रुपये असले तर? तिसरा वडापाव आणि तिसरा चहा, दोन्ही रुपयामागे १.

गल्ल्यावरून
हातात जादा १० च आहेत, अर्धा वडापाव कोणी देत नाही. चहा घे. २ वडापाव, ३ चहा, एकूण १५४. तिसऱ्या वडापावाच्या हट्टाने एक चहा सोडलास तर ३ आणि १, म्हणजे १४४ च. ८० झाले की मग ३ वडापाव, २ चहा. ते स्वतः करून बघ.