मदत हवी आहे: ट्रॅकवर चौथ्या फेरीत ब्रेक पेडल पार खाली गेलं (स्विफ्ट १.३ पेट्रोल, नाशिक)

नमस्कार मंडळी,

गाडी २००८ची स्विफ्ट व्हीएक्सआय, एबीएस नाही. बाबांनी नवी घेतलेली. पंधरा वर्षं झाल्यावर पेठ रोडच्या आरटीओत नेऊन आरसी पुढच्या पाच वर्षांसाठी करून घेतली. रोज हीच घेऊन मी अंबडला कामाला जातो आणि बाबा कल्याणला आत्याकडे निघाले की हीच काढतात. त्यामुळे ट्रॅकसाठी वेगळी गाडी घे, हा सल्ला कृपया देऊ नका, परवडणार नाही.

गेल्या महिन्यात पहिल्यांदाच कोईमतूरला करी मोटर स्पीडवेवर हौशी लोकांच्या ट्रॅक डेला गेलो. दोन दिवस चालवतच नेली. त्याआधी दीड वर्ष जे पैसे साठले ते इंजिनात घातले: हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणारे पाइप), एक्झॉस्ट, एअर फिल्टर. शिवाय बरे टायर आणि थोड्या कडक स्प्रिंगा. ब्रेकला फक्त निघण्याआधी नवे पॅड टाकले. ब्रेक ऑइल तीन वर्षांत बदललेलं नाही, गॅरेजवाले वरून थोडं भरून द्यायचे तेवढंच.

हा ट्रॅक २.१ किलोमीटरचा, एका वळणातून निघालो की दुसरं समोर. पहिल्या तीन फेऱ्यांत जे सुख मिळालं ते मला लिहून सांगता येणार नाही. चौथ्या फेरीत सरळ पट्टा संपताना ब्रेक दाबला तर पेडल लोण्यात पाय घातल्यासारखं मऊ लागलं आणि थेट मॅटला टेकलं. दोन-तीनदा पंप केलं, थोडा दाब आला, गिअर खाली टाकला आणि वळण सोडून मातीत जाऊन थांबलो. गाडीला ओरखडा नाही, मलाही काही लागलं नाही. पण हात बराच वेळ थरथरत होते. याच सीटवर परवा बाबा बसणार, हे डोक्यातून जात नव्हतं. अर्ध्या तासाने पेडल आपोआप परत आलं. तिथल्या एका मेकॅनिकने ब्रेक ऑइलमधली एअर काढून दिली आणि हळूहळू घरी आलो.

घरी पुढची चाकं खोललीत. डावीकडचा आतला पॅड ३ मिमी उरलाय, बाहेरचा ८. दोन्ही एकाच दिवशी टाकलेले, व्हर्नियरने मोजलेत. आतल्या पॅडची कड राखेसारखी करडी झालीय, नखाने खरवडली की भुकटी पडते. डिस्कवर निळसर झाक आहे. पिस्टनवरचं रबर भाजलेल्या पापडासारखं कडक झालंय. उजवीकडे मात्र दोन्ही पॅड जवळपास सारखे.

आमचे मिस्त्री म्हणतात मास्टर सिलेंडर (पेडलचा दाब ऑइलला देणारा पंप) गेला. मित्र म्हणतात मोठ्या डिस्कचं किट बसव. माझ्याकडे वीस हजार आहेत आणि पुढच्या ट्रॅक डेला दोन महिने. नक्की कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद:

नाशिकला रॅली व्हायची तेव्हा सर्व्हिस टीममध्ये काम केलंय, त्या अनुभवावरून सांगतो.

मास्टर सिलेंडर गेला असता तर थंड गाडीतही सिग्नलवर पाय ठेवल्या ठेवल्या पेडल हळूहळू बुडालं असतं. नुसते पॅड तापून निकामी झाले असते तर पेडल कडक राहिलं असतं, गाडी मात्र थांबली नसती. तुझं पेडल मऊ होऊन गेलं आणि गार झाल्यावर परत आलं, म्हणजे ऑइल उकळलं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुझा पाय त्या वाफेलाच दाबत होता.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट हा ऑइलचा दर्जा. डॉट ३ नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत टिकायला हवं, पाणी शोषल्यावर ती हमी १४०वर येते. डॉट ४ला हेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ला २६० आणि १८०. जुनं सगळं काढून डॉट ४ किंवा ५.१ भर, आणि ट्रॅकला जाण्याआधी दरवेळी ताजं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते चुकूनही घालू नकोस.

आता पॅडचे ३ आणि ८ मिमी. तुझ्या कॅलिपरचा, म्हणजे पॅड धरून डिस्कला चिमटणाऱ्या भागाचा, पिस्टन फक्त आतल्या बाजूला आहे. तो आतला पॅड दाबतो आणि मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडला ओढतो. पिन जाम असेल तर सगळं काम एकटा आतला पॅड करतो, त्याला लागूनच पिस्टन आहे आणि पिस्टनमागे ऑइल, म्हणजे सगळी उष्णता तिकडेच जाते. पिना काढून बघ. ग्रीस ब्रेकचंच लाव, साध्या पिवळ्या ग्रीसने रबर फुगतं.

मोठ्या डिस्कच्या नादी लागू नकोस. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मुळे मूळ रचनेतले बदल आरटीओत अडकतात, तुझ्या एक्झॉस्टचाही विचार कर. आणि विम्याची पॉलिसी काढून वाच, त्यात शर्यत आणि वेगाची चाचणी धरत नाहीत. ट्रॅकवर ठोकलीस तर खर्च तुझा.

शेवटची फेरी ब्रेक न वापरता हळू मार. थांबल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लाव.

धागाकर्ता:

काका, मनापासून आभार. डावीकडची खालची पिन हाताने हललीच नाही, पाइप पाना लावून फिरवत काढावी लागली. तिचं रबर फाटलेलं होतं, आत पाणी जाऊन गंज चढला होता. दोन्ही बाजूंच्या पिना, रबरं आणि पिस्टन सील नवे टाकले, पॅड आणि दोन्ही डिस्क बदलल्या, डॉट ४ भरलं. जुनं ऑइल चहासारखं निघालं. सगळं मिळून वीस हजारांच्या आत बसलं. जुना सायलेन्सरही परत चढवलाय, हेडर-एक्झॉस्ट आता विकायला काढतोय.

काल बाबांनी कसारा घाट उतरवला, त्यांच्या नेहमीच्या रीतीने, ज्या गिअरने चढते त्याच गिअरने. म्हणाले, पेडल नवीन गाडीसारखं लागतंय.

एक विचारायचं राहिलं: पुढच्या बंपरमधून डिस्कपर्यंत हवा नेणारा पाइप स्विफ्टला कुणी बसवलाय का? चाक पूर्ण वळल्यावर तो टायरला घासतो का?