शब्दचर्चा : दुःस्वप्न, भलते स्वप्न आणि सावट

झोपेतून उठल्यावरही ज्याची चित्रे डोळ्यांपुढून हलत नाहीत, अशा विचित्र आणि अस्वस्थ करणाऱ्या स्वप्नाला मराठीत काय म्हणावे, असा प्रश्न निघाला की बहुतेकांच्या तोंडी ‘दुःस्वप्न’ हा शब्द पहिल्यांदा येतो. माझ्या मते तो निम्म्या वेळा चुकीच्या जागी वापरला जातो.

दुःस्वप्नाचा मूळ संबंध भीतीपेक्षा अशुभाशी आहे. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात ‘दुःष्वप्न्य’ आमच्यापासून दूर घालव, अशी सवित्याला प्रार्थना आहे, आणि ‘विश्वानि देव सवितर्दुरितानि परा सुव’ ही सर्वपरिचित ऋचा तिच्या लगेच पुढची आहे. म्हणजे दुःस्वप्न हे दुरिताच्या, अर्थात पाप-अनिष्टाच्या, पंक्तीला बसणारे, ज्याचे निवारण करायला हवे असे काहीतरी होते. आज ‘ती रात्र म्हणजे एक दुःस्वप्न होते’ असे आपण जागेपणीच्या आपत्तीबद्दलही लिहितो, आणि तिथे तो शब्द शोभतो. (लेखनात विसर्ग गाळून ‘दुस्वप्न’ करू नये.)

पण प्रत्येक अस्वस्थ करणारे स्वप्न अशुभ किंवा भयंकर नसते. मला एकदा असे दिसले, की आजोळच्या माजघरात गुडघाभर पाणी साचले आहे, त्यात पाटावर माणसांची पंगत बसली आहे, सगळ्यांचे कपडे कोरडे आहेत आणि जेवणाचा कसलाही आवाज होत नाही. स्वप्न चालू असताना मी मुळीच घाबरलो नव्हतो, उलट मी वाढायला घेतले होते. जीव कासावीस झाला तो जाग आल्यावर. याला दुःस्वप्न म्हटले तर जास्त होते, आणि ‘विचित्र स्वप्न’ म्हटले तर फार कमी.

अशा वेळी घरातली वडीलधारी माणसे ‘काहीतरी भलतंच स्वप्न पडलं’ असे म्हणतात, आणि मला तोच शब्द सर्वांत नेमका वाटतो. जे जिथे असायला हवे तिथे नसून दुसरेच काही असणे, हा ‘भलता’ या विशेषणाचा गाभा आहे. माजघर ओळखीचे, पाणीही ओळखीचे, परंतु दोघांची गाठ भलती. ‘भलतेसलते’ किंवा ‘काहीबाही’ म्हटले की मात्र अर्थ सैल होतो, कारण त्यात विसंगतीपेक्षा असंबद्धता अधिक आहे आणि थोडी हेटाळणीही आहे.

क्रियापदाकडेही लक्ष द्यावे. संस्कृतात पुल्लिंगी असलेले स्वप्न मराठीत नपुंसकलिंगी झाले आणि ते ‘पडू’ लागले: मला स्वप्न पडले, जसा प्रश्न पडतो, विसर पडतो, भूल पडते. कर्तृत्व माझे नाही, मी केवळ ज्याच्यावर ते पडले तो. म्हणूनच आकांक्षेचे स्वप्न आपण ‘पाहतो’ किंवा ‘बाळगतो’, पण माजघरातली ती पंगत मी ‘पाहिली’ असे म्हणताना जीभ अडखळते. देव किंवा गुरू स्वप्नात येऊन काही सांगतो तेव्हा ‘दृष्टांत होतो’. तुकोबांना बाबाजी चैतन्यांकडून झालेला गुरूपदेश स्वप्नातलाच आहे. दृष्टांताला अर्थ असतो, भलत्या स्वप्नाला तो नसतो, आणि त्याचा त्रास बराचसा त्यामुळेच होतो.

राहिला मागे उरणाऱ्या भावनेचा प्रश्न. रुखरुख लागते ती काही करायचे राहून गेल्याची. हुरहूर लागते ती कुणाच्या वाटेकडे डोळे असताना. धास्ती बसते ती पुढे येणाऱ्या गोष्टीची. स्वप्नानंतरच्या दिवशी यांपैकी काहीच नसते, तरी चहा करताना, रस्त्याने जाताना ते चित्र मध्येच तरळते आणि प्रत्यक्षाचा रंग थोडा मळवते. याला ‘सावट’ म्हणावे. दुष्काळाचे सावट या वर्तमानपत्री प्रयोगामुळे तो शब्द केवळ येऊ घातलेल्या संकटापुरता उरल्यासारखा झाला आहे, पण सावट म्हणजे सावलीच. आणि सावली टाकणारी वस्तू समोर दिसलीच पाहिजे असे नाही. स्वप्नाप्रमाणे तेही पडतेच, आणि दुपारपर्यंत बहुधा ओसरते.