मदत हवी आहे : भिंतीला खिळा न ठोकता गोधडीचे तुकडे उभे कसे लावू?

नमस्कार मंडळी,

आईच्या साड्यांची (बहुतेक सुती) गोधडी शिवायला घेतली आहे आणि जागेपाशी अडले आहे. कोथरूडला दोन खोल्यांचं भाड्याचं घर. आतल्या खोलीत खिडकीशी मशीन, त्याच्या शेजारी सहा फूट मोकळी भिंत, छत नऊ फुटांवर. घरमालक काका चांगले आहेत, पण भिंतीला खिळा किंवा ड्रिल नाही असं करारातच लिहिलंय.

गोधडी ६३ बाय ९० इंचांची. नऊ इंची चौकोन, आडवे सात आणि उभे दहा, असे ७०. प्रत्येक चौकोन तिरका दुभागलेला, अर्धा गडद, अर्धा फिका. तो कुठे कसा फिरवायचा यावर सगळी नक्षी ठरते, आणि ती सगळे तुकडे एकत्र, उभे, चार पावलं मागे जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. जमिनीवर मांडलं की जवळच्या ओळी मोठ्या दिसतात, लांबच्या आक्रसतात. शिवाय बाहेरच्या खोलीत मांडायचं म्हणजे जेवायची वेळ झाली की सगळं गोळा करा. फोटो काढून ठेवला तरी पुन्हा लावायला पाऊण तास जातो, गुडघे दुखतात ते वेगळंच. गेल्या रविवारी कुणीतरी पंखा लावला आणि खालच्या तीन ओळी कॉटखाली गेल्या. आईच्या जांभळ्या साडीचा एक तुकडा आहे, निऱ्यांच्या जागी हळदीचा पुसट डाग असलेला. तो मी मुद्दाम मधोमध ठेवलाय. तो सापडेपर्यंत जिवात जीव नव्हता.

आतापर्यंत केलेले प्रयोग : चिकटपट्टीने डिस्टेंपरचा पापुद्राच निघून आला. कपाटावरून सोलापुरी चादर सोडली, तर तुकडे सरळ घसरून खाली. मग भाचीचं फ्लॅनेलचं दुपटं हाताशी होतं, सहज त्यावर एक तुकडा दाबून पाहिला आणि तो टाचणीशिवाय तसाच राहिला! दुपट्याची लव सुताला धरून ठेवते. पण ते दुपटं केवढंसं.

एवढं मोठं फ्लॅनेल टांगायचं कशावर? मागे सॉफ्टबोर्ड लागेल की थर्माकोल? आणि काम अर्धवट असताना गुंडाळून ठेवता येईल का? कुणी केलं असेल तर सविस्तर सांगा.

प्रतिसाद :
थर्माकोलच्या मागे लागू नका, टाचण्या टोचल्या की दाणे सुटतात आणि कापडाला चिकटून बसतात. सॉफ्टबोर्ड उत्तम, भवानी पेठेत टिंबर मार्केटमध्ये चौकशी करा. पण आठ बाय चार फुटांचा एक बोर्ड तुम्हाला रुंदीला पुरणार नाही, दोन लागतील, आणि घर बदलताना ते ओझं होईल.

प्रतिसाद :
ताई, आधी मापाचं बघा. ६३ बाय ९० हे शिवून झाल्यावरचं माप. न शिवलेल्या चौकोनाला चारी बाजूंनी शिवणीत जाणारा पाव इंच दाब असतो, म्हणजे भिंतीवर तो साडेनऊ इंच जागा खातो. सात गुणिले साडेनऊ, साडेसहासष्ट. दहा ओळींचे ९५ इंच. माझा पहिला फ्लॅनेलचा पडदा याच हिशेबात तोकडा पडला होता आणि शेवटची ओळ जमिनीवर आली.

छत्तीस इंच पन्ह्याचं फ्लॅनेल मिळालं तर दोन पन्हे जोडा, प्रत्येकी पावणेतीन मीटर, एकूण साडेपाच. आधी धुऊन घ्या, ते आटतं. रंग पांढरा किंवा राखाडी, फुलाफुलांचं नको, डोळा फसतो.

टांगायला : घरात छताला दोरीने वरखाली होणाऱ्या कपडे वाळत घालायच्या दांड्या आहेत का? असतील तर भिंतीकडच्या दांडीत पडदा ओवा. दांडी खाली घेतली की वरच्या ओळी स्टुलावर न चढता लागतात, मग वर ओढून लांबून बघायचं. खालच्या दुमडीत पीव्हीसी पाइप घाला, नाहीतर पडदा झुलतो. गुंडाळायचं असेल तेव्हा तुकड्यांवर जुनी चादर पसरून दोन्ही मिळून खालच्या पाइपवर गुंडाळत जा, तुकडे जागचे हलत नाहीत. काठाचे रेशमी किंवा जरीचे तुकडे मात्र लव धरत नाहीत, त्यांना एकेक टाचणी हवीच.

आणि मोबाइलवर फोटो काढून तो काळा-पांढरा करून बघा. रंगांच्या भरात जो गडद वाटतो तो पुष्कळदा मधल्या छटेचाच निघतो.

धागाकर्ती :
दांड्या आहेत! याच भिंतीलगत, सहा फुटी. पावसाळ्यात कपडे तिथेच वाळतात, तेव्हा सध्या चारपैकी भिंतीकडची एकच मला मिळाली आहे, तेवढी पुरे. फ्लॅनेल भिजवून वाळत घातलंय. फोटोचंही केलं : हळदीच्या डागाचा जांभळा तुकडा मी गडद धरून चालले होते, तो मधल्या छटेचा निघाला. मधोमधच ठेवणार, पण आता त्याच्या चारी बाजू नव्याने लावाव्या लागतील. साड्यांपैकी दोन माहेश्वरी आहेत, रेशीम मिसळलेल्या. त्यांचं अंगच गुळगुळीत आहे. त्यांच्या पातळ कापडाला टाचणीची भोकं पडू नयेत म्हणून कुणी काय करतं?