बरं वाटतंय, मग डिप्रेशनची गोळी बंद करू का?

थोडं लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

गेले सात महिने रोज रात्री एस्सिटॅलोप्रॅम १० मिग्रॅ घेतेय. निदान झालं तेव्हा अंघोळीला उठायचं म्हणजे लांबच्या प्रवासाला निघायचंय असं वाटायचं. पहाटे चारला टक्क जाग यायची आणि मग उजाडेपर्यंत छताकडे बघत पडून राहायचं. गोळी सुरू झाल्यावर पहिले दहा-बारा दिवस तर आगीतून फुफाट्यात. मळमळ, तोंडाला कोरड, हातांना कंप, जीव आणखीच घाबरा. डॉक्टरांनी आधी बजावलं होतं म्हणून टिकले, नाहीतर चौथ्याच दिवशी पाकीट केराच्या टोपलीत गेलं असतं. फरक पडला तो मला कळलाच नाही. पाचव्या आठवड्यात कपड्यांच्या घड्या घालत होते तेव्हा बहीण म्हणाली, "अगं, तू गुणगुणतेयस!"

म्हणजे उपयोग झाला, यात शंका नाही. आता तक्रार.

मला रडू येत नाही. मध्यंतरी जवळच्या मैत्रिणीचे वडील गेले. ती हमसून हमसून रडत होती आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. काटा अडकलाय, सेल बदलायला हवा, हे डोक्यात. आनंदाचंही तेच. कशाचंच टोक उरलेलं नाही. दुसरं म्हणजे नवऱ्याजवळ जावंसंच वाटत नाही. तो काही बोलत नाही, पण मला कळतं ना. डॉक्टरांसमोर हे सांगायला जीभ रेटत नाही.

मागच्या महिन्यात गोळ्या आणायच्या राहिल्या आणि तीन दिवस खंड पडला. तिसऱ्या दिवशी डोळे इकडून तिकडे वळवले की डोक्यात बारीक ठिणगी उडाल्यासारखं व्हायचं. जिना उतरताना कठडा धरावा लागला. गोळी घेतल्यावर दुसऱ्या दिवशी सगळं ठीक! तेव्हापासून सासूबाईंचं "मनाची औषधं एकदा लागली की सुटत नाहीत" हे वाक्य डोक्यातून जात नाही.

मी बरी झालेय म्हणून बरं वाटतंय, की गोळी आहे म्हणून? आणि गोळी न सोडता हे कळायचं कसं? अनुभवी लोकांनी कृपया लिहा.

प्रतिसाद

मी यातून दोनदा गेलोय. पहिल्यांदा स्वतःच्या मनाने, एका झटक्यात सोडली. आठवडाभर चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं. ते ओसरलं, मी खूश. दोन महिन्यांनी हळूहळू पुन्हा पहाटेची जाग सुरू झाली. दुसऱ्यांदा डॉक्टरांना विचारून कमी केली. २० वरून १० वर आलो तेव्हा काहीच जाणवलं नाही. ५ वरून शून्यावर यायला मात्र घाम फुटला. शेवटी थेंबांच्या स्वरूपातलं औषध घेऊन कणाकणाने उतरलो, चार महिने लागले. आता गोळी नाही. ठिणग्यांनी घाबरू नका, पण त्यांना हलक्यातही घेऊ नका.

प्रतिसाद

गोळ्या म्हणजे निव्वळ धंदा आहे. मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन कमी झाल्याने डिप्रेशन येतं याला ठोस पुरावा नाही, असं २०२२ च्या मोठ्या आढाव्यात आलंच आहे. रोज पळायला जा.

प्रतिसाद

मी औषधांच्या क्षेत्रात काम करते, डॉक्टर नाही. वरच्या प्रतिसादाबद्दल आधी. तो आढावा डिप्रेशनच्या कारणाबद्दल होता, गोळ्या चालतात की नाही याबद्दल नव्हता. डोकेदुखी काही पॅरासिटामॉल कमी पडल्याने होत नाही, तरी गोळीने थांबते. २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात डिप्रेशनच्या गोळ्यांवरच्या ५२२ चाचण्यांचं एकत्र विश्लेषण आलं. त्यातली २१ च्या २१ औषधं नकली गोळीपेक्षा सरस ठरली. पण सरासरी फरक माफक होता, हेही खरं. व्यायामाचाही फायदा होतो, पण ज्याला अंघोळीला उठवत नाही त्याला "पळायला जा" सांगणं सोपं असतं.

ताई, तुमचा हिशेब कदाचित चुकतोय. पहिल्याच खेपेला साधारणपणे बरं वाटू लागल्यापासून पुढे सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात. पहिल्या गोळीपासून नाही. म्हणजे तुमचे सात नव्हे, साडेपाच-सहाच झालेत.

सवयीचं म्हणाल तर व्यसनात तलफ येते, डोस वाढवावासा वाटतो. इथे तसं नाही. पण मेंदू औषधाला सरावतो आणि ते अचानक गेलं की कुरकुरतो. ही कुरकुर बहुधा काही दिवसांत सुरू होते, सोबत ठिणग्या, चक्कर असं शारीरिक काहीतरी असतं, आणि गोळी घेतली की पटकन थांबते. आजार परततो तो सहसा आठवड्या-महिन्यांनी, दबक्या पावलांनी. तुम्हाला झाली ती कुरकुर. पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन या डिप्रेशनच्याच दुसऱ्या गोळ्यांना ती जास्त होते. फ्लुओक्सेटिन शरीरात बराच काळ रेंगाळतं, म्हणून त्याला कमी.

तुमच्या मूळ प्रश्नाला थेट उत्तर नाही, पण आकडा आहे. २०२१ मध्ये इंग्लंडमधला एक अभ्यास आला. दीर्घकाळ गोळी घेऊन बरे असलेले ४७८ लोक. वर्षभरात गोळी चालू ठेवणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना डिप्रेशन परत आलं, हळूहळू सोडणाऱ्यांपैकी ५६ टक्क्यांना. त्यातल्या बहुतेकांना ते आधीही येऊन गेलं होतं, तुमची पहिलीच खेप दिसते. तरी बघा, सोडूनही ४४ टक्के टिकले आणि घेऊनही ३९ टक्के घसरले.

रडू न येणं आणि इच्छा जाणं, दोन्ही या गटातल्या औषधांचे नेहमीचे परिणाम आहेत. डोस कमी करणं, औषध बदलणं, असे उपाय असतात, पण सांगितल्याशिवाय डॉक्टरांना कळणार कसं? एक मात्र विचारते, रागावू नका. जीव नकोसा वाटण्याचे विचार कधी आले होते का? आले असतील तर सोडण्याच्या काळात घरात एकाला तरी माहीत असू द्या, आणि तसं पुन्हा वाटलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच डॉक्टरांना गाठा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. हो, आले होते. बहिणीला माहीत आहे.

गुरुवारी डॉक्टरांकडे जातेय. तोंडाने बोलवणार नाही, म्हणून कागदावर लिहून नेतेय. पहिल्या ओळीत ठिणग्या, दुसऱ्या ओळीत रडणं. तिसरी ओळ दोनदा खोडली, आता नवऱ्यालाच लिहायला सांगितलीय. थेंबांचं कुणी मोजमाप कसं केलं तेही लिहा, म्हणजे त्यांना नीट विचारता येईल.