पहिली मॅच हरली की घरी : लोकल कबड्डीत बाद पद्धत अजून किती वर्षं?

डावा कोपरा
गेल्या आठवड्यात गिरणगावातल्या एका मंडळाच्या स्पर्धेला आमची टीम उतरली होती. मंडळाचं नाव लिहीत नाही, भांडण मंडळाशी नाहीच, पद्धतीशी आहे. पोरं भांडुपहून आली, दोघांनी ड्युटी बदलून घेतली, एक जण रात्रपाळी करून तीन तास झोपून आलेला. रिपोर्टिंग साडेपाचला, मैदानात उतरलो साडेआठला. मॅच बरोबरीत सुटली, पाच-पाच चढायांवर गेली आणि एका गुणाने हरलो. झालं. वर्षभर रोज संध्याकाळी प्रॅक्टिस करायची आणि स्पर्धेत वाट्याला येणार एक मॅच. परत येताना लोकलमध्ये कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

२४ संघ होते. म्हणजे ३२ चा तक्ता आणि ८ संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल, म्हणजे न खेळताच थेट दुसरी फेरी. यजमान संघाला पुढे चाल, मागच्या वर्षीच्या चारही सेमीफायनलवाल्यांना पुढे चाल. चिठ्ठ्या कधी टाकल्या, कुणासमोर टाकल्या, काही माहीत नाही, आम्हाला व्हॉट्सॲपवर थेट तक्त्याचा फोटो आला.

माझं म्हणणं, पहिल्या फेरीपासून बाद पद्धत नकोच. ३-३ चे ८ गट करा, गटातला पहिला संघ पुढे. साखळीच्या २४ मॅच आणि नंतरच्या ७, एकूण ३१. बाद पद्धतीत २३ होतात. फक्त ८ मॅच वाढतात आणि लांबून आलेल्या प्रत्येक संघाला किमान दोनदा खेळायला मिळतं.

परळचा कार्यकर्ता
भावा, पोरांचं वाईट वाटलं, खरंच. पण ते "फक्त ८" वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, १४ वर्षं स्पर्धा भरवतोय मी.

आमचं गणित असं असतं. संध्याकाळी ६ ला पहिली मॅच, कारण खेळाडू कामावरून सुटून येणार. रात्री १० ला लाउडस्पीकर बंद, तिथे कुणाचं काही चालत नाही. २० मिनिटांचे दोन डाव, मधली ५ मिनिटं, टाइमआउट, कुणाचा गुडघा, कुणाची पंचांशी हुज्जत, मॅचला तास धरच. दोन मैदानं असली तर दिवसाला ८ मॅच. आता २४ संघांची बाद पद्धत बघ : पहिला दिवस ८, दुसरा दिवस ८, तिसऱ्या दिवशी क्वार्टर, सेमी, फायनल मिळून ७. तीन दिवसांत संपलं. तुझ्या ३१ मॅचना चौथा दिवस लागतो. चौथा दिवस म्हणजे मॅटचं भाडं, लाइट, मंडप, खुर्च्या, पंचांचं मानधन, चहा-नाश्ता सगळं परत एकदा. आणि शाळेचं मैदान आम्हाला शुक्रवार ते रविवारच मिळतं, सोमवारी सकाळी पोरांची प्रार्थना तिथेच असते. देणगीदार तरी दरवर्षी किती शोधायचे सांग.

आकडेमोड
एक गोष्ट चुकतेय असं वाटतं. डावा कोपरा, मागच्या वर्षीच्या सेमीफायनलवाल्यांना पुढे चाल मिळाली याचा राग समजतो पण त्यात चूक नाहीये, त्याला मानांकन म्हणतात, म्हणजे ताकदीच्या टीम तक्त्यात लांब-लांब ठेवायच्या आणि पुढे चालही त्यांनाच द्यायची. समजा ३२ संघ आहेत आणि सगळ्या चिठ्ठ्या आंधळेपणाने टाकल्या. पहिल्या नंबरची टीम कुठेही पडू दे, दुसऱ्या नंबरच्या टीमसाठी ३१ जागा उरतात आणि त्यातल्या १६ समोरच्या अर्ध्यात आहेत. म्हणजे सगळे निकाल ताकदीप्रमाणे लागले तरी दुसरी टीम फायनलला पोचण्याची शक्यता ३१ त १६, जेमतेम निम्मी. उरलेल्या वेळी ती पहिलीच्याच अर्ध्यात असते आणि फायनलच्या आधीच गारद होते, मग उपविजेतेपदाचा चषक तिसरी-चौथी टीम घेऊन जाते. म्हणून विम्बल्डनला १२८ खेळाडूंत ३२ मानांकित असतात आणि पहिले दोन तक्त्याच्या दोन टोकांना ठेवतात.

पण यजमान आहे म्हणून पुढे चाल, हे कुठल्याच गणितात बसत नाही.

शिट्टी
मी पंच आहे, त्यामुळे मी बाद पद्धतीच्याच बाजूने. साखळीत काय चालतं ते मैदानात उभं राहून बघितलंय. पुढे जायची खात्री झालेली टीम शेवटच्या मॅचला राखीव पोरं उतरवते, दोन ओळखीच्या टीम गुणांचा हिशोब करून खेळतात आणि तिसरी बिचारी बाहेर बसून बघते. आणि हे आपल्याकडेच होतं असं नाही. १९८२ च्या फुटबॉल वर्ल्ड कपला पश्चिम जर्मनी ऑस्ट्रियाविरुद्ध १-० ने जिंकली तर दोघंही पुढे जाणार होते, तो गोल लवकर झाला आणि उरलेला वेळ दोघांनी नुसता चेंडू फिरवला, अल्जेरिया बाहेर. तेव्हापासून गटातल्या शेवटच्या मॅच एकाच वेळी ठेवतात. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला बॅडमिंटनच्या महिला दुहेरीत नव्याने गट पाडले तर चार जोड्या पुढचा ड्रॉ सोपा पडावा म्हणून मुद्दाम हरायला बघत होत्या, चारही जोड्यांना स्पर्धेतून काढलं. ३ च्या गटात तर एक टीम कायम बाहेरच बसणार, एकाच वेळी मॅच ठेवताच येत नाहीत. २०२६ च्या वर्ल्ड कपला ३-३ चे गट करायचं ठरलं होतं, शेवटी ४-४ चेच केले.

बाद पद्धतीत हरलास तर संपलास. त्यामुळे प्रत्येक चढाई खरी असते.

मुलींची ताई
शिट्टी दादा, तुमच्यासाठी प्रत्येक चढाई खरी, पण माझ्या मुलींसाठी ती वर्षातली पहिली आणि शेवटची असते हो. मी वडाळ्याला मुलींची टीम चालवते. घरातून परवानगी काढायची, कुणाचा क्लास बुडतो, कुणाच्या आईला मी स्वतः जाऊन भेटते की साडेदहापर्यंत घरी सोडते म्हणून. आणि अर्ध्या तासाची मॅच हरून परत. पुढच्या वेळी आई म्हणते, एवढ्यासाठी जायचं? तिला काय सांगू? दोन वर्षांत तीन चांगल्या मुली अशाच सुटल्या, त्यातली एक तर डाव्या कोपऱ्यात चढाईवाल्या मुलीला अशी धरायची की बघत राहावं.

कुस्तीत बघा, फायनलला पोचलेल्या पैलवानाकडून जे हरले त्यांना रेपेचाजमध्ये परत संधी मिळते. ऑलिंपिकमध्ये २००८ ला सुशील कुमार पहिलीच कुस्ती हरला होता, २०१६ ला साक्षी मलिक क्वार्टरला हरली होती, दोघांची ब्राँझ त्याच वाटेने आली. आपल्याकडे निदान पहिल्या फेरीत हरलेल्या ८ संघांचा वेगळा चषक ठेवा. ७ मॅच होतात, त्याही छोट्या ठेवा.

परळचा कार्यकर्ता
ताई, तुमचं पटतंय. पण पुढे चाल मिळून दुसऱ्या फेरीत हरलेल्यांचं काय? त्यांचीही एकच मॅच झाली. ते उद्या मलाच विचारणार.

आझाद मैदान
क्रिकेटवाला आहे, मध्येच बोलतो. मुंबईत पावसात चिखलात कांगा लीग चालते ती १९४८ पासून, आणि टिकली कारण ती लीग आहे. या रविवारी शून्यावर गेलास तरी पुढच्या रविवारी पॅड बांधायचेच आहेत हे माहीत असतं. रणजीसुद्धा सुरुवातीला सरळ बाद पद्धतीची होती, नंतर विभागवार साखळी आली. बाद पद्धतीत लांबचा प्रवास करून यायचं आणि एका मॅचमध्ये परत. तरी एक सांगतो, फायनलकडे जाताना बाद पद्धतच हवी, लोक त्यासाठीच उभं राहून बघतात.

डावा कोपरा
आकडेमोड, मानांकनाचं मान्य, तिथे मी रागात लिहिलं. यजमानाच्या पुढे चालीचं मात्र अजिबात मान्य नाही.

परळचे दादा, तुमचं तीन दिवसांचं गणित परत बघा ना. साखळीला १५-१५ मिनिटांचे डाव ठेवा. पाऊण तासात मॅच, एका मैदानावर संध्याकाळी ५, दोन मैदानांवर १०. शुक्रवार-शनिवार मिळून २०, रविवारी सकाळी उरलेल्या ४, संध्याकाळी बादच्या ७. तीनच दिवस. आणि गटाच्या तिन्ही मॅच शक्यतो एकाच दिवशी ठेवा, म्हणजे आम्हाला भांडुपहून एकच फेरी पडते.

शिट्टी
३ च्या गटावर एक उपाय आहे, तो घातला तर माझी हरकत अर्धी कमी होते. पहिल्या मॅचमध्ये जो हरेल त्याने दुसरी मॅच बाहेर बसलेल्या टीमशी खेळायची, जिंकलेल्याने नाही. मग तिसऱ्या मॅचला नेहमी काहीतरी पणाला लागलेलं राहतं, आधीच निकाल लागलाय असं होत नाही. फक्त हरलेल्या टीमला आणि मग बाहेर बसलेल्या टीमलाही लागोपाठ दोन मॅच पडतात, मध्ये दुसऱ्या गटाची मॅच घालावी लागेल. आणि तिघांचा एक-एक विजय झाला तर गुणफरक, तो आधीच छापील नियमांत लिहून ठेवा, नाहीतर मला मैदानात घेराव.

परळचा कार्यकर्ता
रविवार सकाळ माझ्या डोक्यात आली नव्हती. पण रविवारी सकाळी पंच मिळणं कठीण असतं, आणि १५ चे डाव जुन्याजाणत्या टीमला चालणार नाहीत, त्या म्हणतील आम्ही २० चेच खेळतो. प्रौढ गटाचं मी आत्ता काही कबूल करत नाही. डिसेंबरमध्ये आमची किशोर गटाची स्पर्धा आहे, तिथे शिट्टीने सांगितलेल्या क्रमाने ३-३ चे गट करून बघतो. चिठ्ठ्या आदल्या रविवारी मैदानातच टाकू, प्रत्येक संघाचा एक माणूस समोर हवा, आमच्या टीमची चिठ्ठीही त्याच डब्यात. ताई, मुलींचा गट ठेवला तर किती संघ येतील?

मुलींची ताई
सहा नक्की आणते, मॅच चारच्या आत सुरू करणार असाल तर आठ.